स्टार्टरवर शून्य अँपिअर : उपसा योजनेतल्या एका जळालेल्या मोटरचं प्रकरण

बायपास, म्हणजे मोटर पूर्ण वेगाला आल्यावर करंटला मिळणारी वळणवाट, लागून पाच मिनिटं झाली होती. पंप नंबर २ ची मोटर आपल्या लयीत चालली होती, रायझिंग मेनवरचा, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या पाइपवरचा, प्रेशर गेज स्थिर होता. मी टाँग टेस्टर काढला, केबलभोवती जबडा धरून करंट मोजायचा. प्रत्येक फेजला दोन-दोन केबल होत्या, म्हणून दोन्ही एकत्र जबड्यात धरून रीडिंग घेतलं. आर फेजला १६५, वायला १६८, बीला १६१. मग मोटर हळूहळू उचलणाऱ्या सॉफ्ट स्टार्टरच्या, पॅनेलच्या दारावरच्या डिस्प्लेकडे पाहिलं. तिथे तिन्ही फेजचा करंट शून्य होता.

शेजारच्या पंप नंबर १ ची मोटर चार दिवसांपूर्वी जळाली होती. दोन्ही पॅनेल एकाच हाताने, एकाच ड्रॉइंगवरून बनवलेली. मला बोलावलं होतं ते 'सॉफ्ट स्टार्टरचं सेटिंग चुकलं का बघा' असं सांगून. सेटिंग चुकलेलंच होतं, पण ते का चुकलं याचं उत्तर त्या शून्यात होतं.

योजना कृष्णाकाठची, एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेची. जॅकवेलवर, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीवर, तीन पंप, दोन चालू आणि एक राखीव. प्रत्येक मोटर १५० एचपीची, म्हणजे ११० किलोवॅट, ४ पोल, ४१५ व्होल्टला डेल्टा जोडणी (तिन्ही फेजची वाइंडिंग त्रिकोणात), नेमप्लेटवर फुल लोड करंट १८८ अँपिअर. पाणी साधारण ६० मीटर उचलायचं, सेकंदाला सव्वाशे लिटरच्या आसपास. त्यासाठी मोटर १६५ अँपिअर घेते, म्हणजे हाताशी थोडी शिल्लक आहे. संस्थेची स्वतःची डीपी, ५०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ११ केव्हीच्या बाजूला तीन डीओ, म्हणजे तार वितळली की खाली लटकणारे ड्रॉप-आउट फ्यूज. पूर्वी इथे मोटर आधी स्टारमध्ये उचलून मग डेल्टात नेणारे स्टार-डेल्टा स्टार्टर होते. बंद करताना एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) असा आपटायचा की पाइपच्या फ्लँजमधलं पॅकिंग दर हंगामाला बदलावं लागायचं. सॉफ्ट स्टार्टर आले ते मुख्यतः पाण्याच्या त्या दणक्याला, वॉटर हॅमरला, कंटाळून, आणि सॉफ्ट स्टॉपने ते काम चोख केलं.

मोटर जळाली ती एप्रिलच्या एका रात्री. ऊस उभा, पाळी चालू, एकच पंप सुरू. पंपचालक काकांनी लॉगबुकात दर तासाला नोंद केली होती. रात्री १ वाजता १६५ अँपिअर. २ वाजता १९० अँपिअर. सव्वादोनच्या सुमारास धूर. काका मला म्हणाले, "सायेब, आवाज बदलला हुता, घुमल्यागत. ट्यूबबी जरा मंद झाली. पर अँमीटर बगितला तर १९० दावत हुता, म्हटलं लई न्हाई, पानीबी येतंय, म्हनून बंद केली न्हाई."

काकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. १८८ च्या मोटरला १९० हा घाबरायचा आकडा नव्हे. फक्त अँमीटर एकच होता आणि त्याचा सिलेक्टर स्विच आर फेजवर होता. तो तिथेच असतो, वर्षानुवर्षं. त्या रात्री आरला १९० होते तेव्हा वायला जवळपास ३८० असणार, हे मी नंतर मोटरचं वाइंडिंग करणाऱ्या वाइंडरकडे जाऊन आल्यावर सांगू शकलो.

वाइंडरने स्टेटर, म्हणजे वाइंडिंग असलेला मोटरचा स्थिर भाग, उघडून ठेवला होता. ४ पोलच्या या मोटरला वाइंडिंगचे १२ ग्रुप, फेजला ४. त्यातले ८ कोळशासारखे काळे. उरलेले ४ जवळपास जसेच्या तसे, वार्निशचा रंगसुद्धा टिकलेला. बेअरिंग मोकळी, रोटर घासलेला नाही. वाइंडर अनुभवी माणूस. तो म्हणाला, "साहेब, ही मोटर स्टारमध्ये चालली असणार. डेल्टामध्ये सिंगल फेजिंग झालं की एकच फेज जळतो, दोन नाही." त्याचं म्हणणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. डेल्टा मोटरकडे येणारी एक तार तुटली, तर उरलेल्या दोन तारांच्या मध्ये सरळ येणारा फेज जवळजवळ सगळा भार घेतो, बाकीचे दोन एकमेकांच्या मागे जोडले जाऊन त्याच्या निम्मा करंट वाहतात. म्हणून ४ ग्रुप जळतात. स्टारमध्ये (तिन्ही फेजचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) दोन फेज एकामागे एक येतात, म्हणून ८ जळतात. पण टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या मी स्वतः पाहिल्या होत्या, तिन्ही उभ्या, डेल्टा.

उत्तर डीपीवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमनला मधला डीओ पडून लटकलेला दिसला होता. त्याने नवीन तार टाकून तो बसवला आणि विषय सोडून दिला. तार ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे, मोटरकडच्या बाजूला तुटली नव्हती, पलीकडे ११ केव्हीला तुटली होती. आपल्याकडचे वितरण ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार असतात. वरचा एक फेज गेला की खालच्या बाजूला करंट १, २, १ अशा प्रमाणात वाटला जातो. चालती मोटर तोच भार ओढत राहिली तर दोन तारांत नेहमीच्या साधारण ११५ टक्के आणि एका तारेत २३० टक्के करंट जातो. १६५ चे ११५ टक्के म्हणजे १९०. काकांच्या वहीतला आकडा. २३० टक्के म्हणजे ३८०. डेल्टा वाइंडिंगच्या आत हा हिशेब मांडला तर दोन फेजमध्ये नेहमीच्या दुप्पट करंट येतो आणि तिसऱ्यात जवळपास काहीच नाही. दुप्पट करंट म्हणजे चौपट उष्णता. एफ क्लासचं इन्सुलेशन १५५ अंशांपर्यंतचं असतं आणि त्यावर दर १० अंशांना आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. चौपट उष्णतेपुढे त्याचा निभाव तासभरसुद्धा लागत नाही. ८ काळे ग्रुप आणि ४ चांगले ग्रुप यांचा मेळ बसला. वाइंडरला कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्याने तो कागद मागून घेतला.

आता खरा प्रश्न. एका फेजला ३८० अँपिअर जात असताना, सगळी प्रोटेक्शन 'इनबिल्ट' असलेला सॉफ्ट स्टार्टर तास-पाऊण तास गप्प का बसला?

सेटिंगची पानं एकेक करून उतरवून घेतली. मोटर करंट १८८, हे बरोबर. ओव्हरलोड क्लास (ट्रिप किती उशिरा व्हावी याचं माप) ३०. करंट लिमिट ३५० टक्के. अंडरकरंट बंद. फेज इम्बॅलन्स, म्हणजे तीन फेजच्या करंटमधला असमतोल पाहणारं प्रोटेक्शन, बंद. वाइंडिंगचं तापमान ओळखणाऱ्या थर्मिस्टरच्या इनपुटवर कारखान्यातून आलेली तारेची लूप तशीच. मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये थर्मिस्टरच्या दोन बारीक तारा होत्या, टेप गुंडाळून कोपऱ्यात दाबलेल्या. पॅनेलपर्यंत त्यांची केबल कधी ओढलीच नव्हती. जुन्या पॅनेलमधला सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि थर्मल ओव्हरलोड रिले, दोन्ही सॉफ्ट स्टार्टर बसवताना काढून टाकलेले. येणाऱ्या सप्लायच्या स्विच-फ्यूज युनिटमध्ये ३१५ अँपिअरचे एचआरसी फ्यूज. ते शॉर्ट सर्किटसाठी असतात, ३८० अँपिअरवर ते कितीही वेळ तग धरू शकतात.

हे सगळं एका दिवसात झालं नव्हतं. संस्थेच्या वायरमनने सांगितलेला क्रम असा. स्टार्टर बसवला त्या पहिल्याच दिवशी मोटर छान उचलली, बायपास लागला आणि काही सेकंदांत 'अंडरकरंट' दाखवून ट्रिप झाली. पॅनेलवाल्याने अंडरकरंट बंद केला. पुन्हा चालू केली, तर 'फेज लॉस' आला. तोही इम्बॅलन्ससकट बंद केला. मग मोटर चालली. पुढे पावसाळ्यात एके दिवशी वीज सलग तीनदा आली-गेली, तिसऱ्या स्टार्टला ओव्हरलोड ट्रिप झाली, तेव्हा क्लास १० चा ३० केला. त्यानंतर दोन हंगाम एकही ट्रिप नाही. सगळे खूश.

पहिल्या दोन्ही ट्रिप खऱ्या होत्या. स्टार्टर सांगत होता की मला करंट दिसत नाही.

सॉफ्ट स्टार्टरच्या पोटात प्रत्येक फेजला उलट-सुलट जोडलेले दोन थायरिस्टर (करंट अडवणारे-सोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात. ते व्होल्टेज हळूहळू वाढवत नेतात. मोटर पूर्ण वेगाला आली की त्यांचं काम संपतं. त्यांच्यावर विनाकारण उष्णता नको म्हणून बायपास कॉन्टॅक्टर लागतो आणि करंट त्यांना वळसा घालून जातो. आता करंट मोजणारे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर) स्टार्टरच्या आतच असतात. म्हणून बाहेरून बायपास लावायच्या स्टार्टरला बनवणारे बायपाससाठी वेगळी टर्मिनलं देतात, अशा जागी की थायरिस्टर वगळले जातील पण सीटी वगळले जाणार नाहीत. इथे पॅनेलवाल्याने कॉन्टॅक्टर इनकमिंगच्या बसबारवरून थेट आउटगोइंगच्या टर्मिनलवर आणला होता. बायपासची टर्मिनलं कोरी, त्यांवरचं प्लास्टिकचं झाकणसुद्धा निघालेलं नव्हतं. बायपास लागला की थायरिस्टरबरोबर सीटीलाही वळसा पडायचा.

याचा परिणाम नुसता 'ओव्हरलोड दिसत नाही' इतकाच नाही. इलेक्ट्रॉनिक ओव्हरलोड मोटरच्या तापमानाचा हिशेब डोक्यात ठेवत असतो. करंटच्या वर्गाने तापवतो, वेळेने थंड करतो. इथे मोटर १६५ अँपिअरवर तासन् तास तापत होती आणि स्टार्टरच्या हिशेबात ती त्याच वेळी थंड होत होती, कारण त्याच्या लेखी ती बंद होती. असा स्टार्टर क्लास ५ वर ठेवला काय आणि ३० वर ठेवला काय, चालत्या मोटरला त्याचा काही उपयोग नाही. माझं या प्रकरणातलं सगळं म्हणणं इथे येऊन थांबतं. सेटिंगचा आकडा टाकायच्या आधी तो आकडा कुठल्या करंटशी ताडला जाणार आहे, हे मोटर चालू ठेवून, टाँग टेस्टर आणि डिस्प्ले शेजारी-शेजारी ठेवून पाहिलंच पाहिजे. बायपासच्या आधी एकदा आणि बायपासनंतर एकदा. पाच मिनिटांचं काम आहे.

पहिल्यांदा वायरिंग बदललं. तिन्ही पॅनेलमधला बायपास त्याच्या नेमलेल्या टर्मिनलांवर नेला. फेजचा क्रम दोन्ही बाजूंना तोच आहे हे तीनदा तपासलं, कारण इथे एक अदलाबदल झाली तर बायपास लागतानाच दोन फेज थेट एकमेकांना भिडतात. मोटर चालू केली. टाँगला १६४, डिस्प्लेला १६५. मग सेटिंगला हात घातला.

पहिला आकडा मोटर करंटचा. नेमप्लेट १८८ सांगते आणि बहुतेक जण तेच टाकतात. नवीन मोटर, स्वच्छ सप्लाय असेल तर त्यात गैर नाही. पण पंपाला कधीही १६५-१७० च्या वर लागत नाही, पंप १ ची मोटर आता रिवाइंड झालेली आहे आणि फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज समतोल राहत नाही. आठवडाभर नोंदी घेतल्या. वाईटात वाईट वेळ ४०५, ४१० आणि ४०३ व्होल्ट अशी निघाली, म्हणजे सरासरी ४०६ पासून जेमतेम १ टक्का फरक. त्याच वेळी करंट १६०, १७७, १५८. हा फरक ७ टक्क्यांच्या वर. व्होल्टेजमधला असमतोल करंटमध्ये कित्येक पटींनी मोठा होऊन येतो, फुल लोडला सहा ते दहा पट धरायची पद्धत आहे. आणि त्या असमतोलातून उलट्या दिशेने फिरणारं क्षेत्र तयार होऊन रोटर तापतो, तो कुठल्याही अँमीटरवर दिसत नाही. म्हणून मी १७८ टाकले, नेमप्लेटच्या साधारण ९५ टक्के. वाईट वेळेचे १७७ त्यात बसतात आणि आयईसीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ओव्हरलोड १.०५ पटीला दोन तासांत ट्रिप होता कामा नये, १.२ पटीला झालाच पाहिजे, त्यामुळे उगाच ट्रिप होत नाहीत.

हा आकडा हलवला की बाकीचे सगळे हलतात हे इथे सांगायला हवं, कारण पुढची जवळपास प्रत्येक मर्यादा याच्याच टक्केवारीत असते. ३५० टक्के करंट लिमिट १८८ वर ६५८ अँपिअर होतं, १७८ वर ६२३. आणि स्टार्टर जुन्या स्टार-डेल्टाच्या सहा तारा वापरून डेल्टाच्या आत बसवलेला असेल, तर त्याच्यातून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो. १८८ ऐवजी १०८ च्या आसपास. काही बनवणारे तिथे लाइनचा करंट टाकायला सांगतात, काही आतला. मॅन्युअल उघडल्याशिवाय तिथे बोट लावू नये. आमच्या इथे मोटर टर्मिनल बॉक्सवरच डेल्टा केलेली होती आणि स्टार्टर सरळ लाइनमध्ये, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

करंट लिमिट किती ठेवायचं याचा हिशेब टॉर्कवरून, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या जोरावरून, करावा. ही मोटर थेट लाइनवर ६.५ पट करंट घेते आणि तेव्हा १८० टक्के टॉर्क देते. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने बदलतो, म्हणून साधारण करंटच्याही. ३५० टक्के करंटला साडेतीन भागिले साडेसहा, त्याचा वर्ग, गुणिले १८०, म्हणजे ५२ टक्के टॉर्क. ३०० टक्क्यांना ३८. २५० ला २७. सेंट्रिफ्यूगल पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून उचलला तर वेगाच्या शेवटच्या टप्प्यात त्याला पूर्ण टॉर्कच्या निम्म्याच्या आसपास लागतो. म्हणजे २५० टक्के ठेवून 'मोटरवर ताण नको' म्हणणारा माणूस मोटर ६०-७० टक्के वेगावर अडकवून ठेवतो आणि तिथेच ती सर्वांत जास्त तापते. ३५० टक्क्यांना आमची मोटर १२ सेकंदांत पूर्ण वेग घेते. स्टार्टची कमाल वेळ २० सेकंद ठेवली. त्यापुढे ती उचलत नसेल तर पंपात काहीतरी अडकलं आहे किंवा व्होल्टेज नाही.

क्लासबद्दल वायरमनशी माझी बराच वेळ चर्चा झाली, कारण क्लास १० पुन्हा आणला तर पुन्हा ट्रिप होणार ही त्याची भीती रास्त होती. आयईसी ६०९४७-४-१ प्रमाणे क्लास म्हणजे थंड अवस्थेत सेट करंटच्या ७.२ पटीला ट्रिप व्हायची वेळ. क्लास १० ला ४ ते १० सेकंद, २० ला ६ ते २०, ३० ला ९ ते ३०. करंटचा वर्ग गुणिले वेळ हे माप धरलं तर आमचा एक स्टार्ट ३.५ चा वर्ग गुणिले १२, म्हणजे १४७ खातो. क्लास १० मध्ये थंड असताना ७.२ चा वर्ग गुणिले ७ सेकंद धरले तरी साडेतीनशेच्या वर जागा असते. पण मोटर भारावर चालून गरम झालेली असली की त्यातली पाऊण जागा आधीच भरलेली असते. उरलेल्या नव्वद-शंभरात १४७ बसत नाहीत. वीज गेली, लगेच आली, की क्लास १० गरम मोटरला उचलू देणार नाही. हे गणित आहे, स्टार्टरचा दोष नाही.

मग ३० का नको? कारण दुसऱ्या बाजूला मोटरची सहनशक्ती आहे. बनवणाऱ्याच्या डेटाशीटमध्ये रोटर अडकलेला असताना पूर्ण व्होल्टेजवर गरम मोटर १५ सेकंद आणि थंड मोटर २८ सेकंद तग धरते असं दिलं आहे. क्लास ३० चा ओव्हरलोड थंड अवस्थेत ६.५ पटीला ३६-३७ सेकंदांपर्यंत थांबू शकतो. २८ सेकंदांत मोटर संपलेली असेल. क्लास २० जास्तीत जास्त २४-२५ सेकंद घेतो, २८ च्या आत. गरम असताना तो बराच लवकर सुटतो, आणि गरम मोटर एकदा उचलायला त्यात जागा उरते. म्हणून क्लास २०. शिवाय तासाला ३ च्या वर स्टार्ट नाहीत आणि दोन स्टार्टमध्ये किमान १५ मिनिटं, हे स्टार्टरमध्येच बांधून टाकलं. गावाकडे ऑटोस्विचची सवय आहे, वीज आली की मोटर आपोआप उठली पाहिजे. इथे ती सवय मोडावी लागली. रायझिंग मेनमधलं पाणी एनआरव्हीतून थोडं जरी गळत असलं तरी पंप उलटा फिरत असतो, आणि उलट्या फिरणाऱ्या पंपाला उचलणं ही सर्वांत जड सुरुवात. वीज गेल्यावर स्टार्टरची तापमानाची आठवण पुसली जाते की राहते, हेही पाहून घेतलं. आमच्याकडच्या स्टार्टरमध्ये ती राहते. ज्यात राहत नाही तिथे कंट्रोलला वेगळा सप्लाय द्यावा किंवा उशिराने स्टार्ट होणारा टायमर लावावा.

इम्बॅलन्स २० टक्के, ५ सेकंद. रोजचा वाईट आकडा ७, डीओ पडल्यावरचा आकडा १९०-३८०-१९० वरून काढला तर ५०. वीस या दोहोंच्या मध्ये आरामात बसतो. जुना व्होल्टेजवर चालणारा प्रिव्हेंटर मी परत लावला नाही. चालती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभं करते, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवर फार भिस्त ठेवता येत नाही. करंटला ते सोंग जमत नाही.

अंडरकरंटसाठी व्हॉल्व्ह बंद ठेवून मिनिटभर मोटर चालवली, ११२ अँपिअर. नदीची पातळी उतरून सक्शनला हवा लागते तेव्हा ८० च्या घरात येतो, हे काकांच्या जुन्या नोंदीत सापडलं. ५० टक्के, म्हणजे ८९ अँपिअर, १० सेकंद. व्हॉल्व्ह उघडायला वेळ मिळतो, कोरडा पंप चालत नाही. चालता चालता अडकण्यासाठी २५० टक्के, २ सेकंद. अंडरव्होल्टेज ८५ टक्के, ओव्हरव्होल्टेज ११० टक्के, फेजचा क्रम चालू. हे तिन्ही पटकन झालं.

थर्मिस्टरची केबल ओढली. वाइंडरला आधीच सांगून नवीन वाइंडिंगमध्ये १५० अंशांचे तीन पीटीसी थर्मिस्टर, प्रत्येक फेजच्या टोकाच्या गाठीत एक, बसवून घेतले होते. लूप काढून तारा जोडल्या. थंड असताना तिघांचा मिळून रेझिस्टन्स अडीचशे ओमच्या आत आला. या तारांना मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र) कधीही लावायचा नाही, आणि मोटर मेगर करताना स्टार्टरकडच्या केबल सोडवूनच करायची, हे दारावर रंगाने लिहून घेतलं. कपॅसिटर मात्र पॅनेलवाल्याने आधीच स्टार्टरच्या इनकमिंग बाजूला हलवले होते. ते आउटगोइंगला राहिले असते तर थायरिस्टर पहिल्या आठवड्यातच गेले असते. त्याला श्रेय द्यायलाच हवं.

शेवटी चाचणी. मोटर करंट तात्पुरता ११० केला, मोटर १६४ वर चालू ठेवली, म्हणजे दीडपट. मानकाप्रमाणे क्लास २० ने दीडपटीला गरम अवस्थेतून ८ मिनिटांच्या आत ट्रिप केलं पाहिजे. काका घड्याळ धरून उभे. पाचव्या मिनिटाला 'ओव्हरलोड' आला आणि बायपास सुटला. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्या स्टार्टरने चालती मोटर ओव्हरलोडवर बंद केली. १७८ परत टाकले, पासवर्ड लावला, सेटिंगचा तक्ता तारखेसकट दाराच्या आत चिकटवला. लॉगबुकात करंटसाठी एकाऐवजी तीन रकाने आखले, आर, वाय, बी.

पावसाळ्यात एका सकाळी काकांचा फोन आला. "सायेब, रातीला दोन नंबरचा पंप चालता चालता बंद झाला, इम्बॅलन्स दावतुय. रिसेट केलं न्हाई. डीपीवर बॅटरी मारून आलोय, कडंचा डीओ पडलाय."

मी विचारलं, मोटर किती गरम आहे.

"हात ठिवतोय की तिच्यावर," काका म्हणाले.